क्रीम, बिस्किट की बदामी? कोकणातल्या घरासाठी जवळजवळ सारख्या रंगांतून एक निवडताना

ओलं खोबरं, उकड्या तांदळाचा भात, सोललेला काजूगर आणि मोदकाची उकड. यातलं एकेक वेगळं समोर आलं तर आपण प्रत्येकाला पांढरंच म्हणू. चारही एका ताटलीत शेजारी शेजारी ठेवा. खोबरं स्वच्छ पांढरं, काजूगर पिवळसर, भाताला तांबूस झाक आणि उकड किंचित राखी, हे कुणी न सांगता दिसतं.

रंगाच्या दुकानात क्रीम, आयव्हरी, ऑफ व्हाइट, बिस्किट, मोतिया, बदामी अशा नावांच्या पट्ट्या समोर आल्या की आपण गोंधळतो, तो याच कारणाने. प्रत्येक पट्टी एकटी पाहिली की चांगलीच वाटते. फरक तिच्या मुख्य रंगात फारसा नसतो, तिच्या झाकेत असतो. ती झाक पिवळी, गुलाबी, हिरवट किंवा राखी असते. पट्टीवर ती लपून बसते आणि चार भिंतींना लागली की तीच समोर येते.

हे मला पडवीने शिकवलं. मालवणजवळच्या आमच्या घराला रंग द्यायचा ठरला, तेव्हा पडवीसाठी मी दुकानात ट्यूबच्या उजेडात बसून, दोन बोटं रुंद चौकोनावरून एक क्रीम निवडलं. मे महिन्यात भिंत सुरेख दिसली. मग पाऊस लागला, परसातली झाडं दाट झाली आणि तीच भिंत हिरवट पिवळी दिसू लागली. सासूबाई म्हणाल्या, "भिंत काविळ झाल्यासारखी दिसता गो." रंगारीकाकांनी मला आधी सांगितलं होतं, "कागदार दिसता तसो भिंतीर दिसाचो नाय, वयनी." मी ते वाक्य मनावर घेतलं नव्हतं. घराचा रंग ही पाच-सात वर्षं रोज बघायची गोष्ट आहे, म्हणून त्यानंतर मी हा विषय नीट समजून घेतला. तोच इथे मांडते.

झाक येते कुठून

आजचा इमल्शन रंग म्हणजे पांढरा बेस आणि त्यात यंत्राने सोडलेले रंगद्रव्यांचे थेंब. बेसचा पांढरेपणा टायटॅनियम डायऑक्साइडचा. उबदार फिक्या रंगांसाठी त्यात मुख्यतः पिवळा ऑक्साइड, लाल ऑक्साइड आणि थोडा काळा जातो. पिवळा जास्त असेल तर क्रीम. पिवळ्यासोबत लालही असेल तर बदामी किंवा गुलाबीकडे झुकणारा रंग. काळा वाढला की बिस्किट, आणि आणखी वाढला की हल्ली चलतीत असलेला राखी-मातकट रंग.

दुकानात टिंटिंग मशीनच्या पडद्यावर प्रत्येक शेडमध्ये कोणतं द्रव्य किती जाणार हे दिसतं. दोन पट्ट्यांत मन अडलं असेल तर दुकानदाराला दोन्हींचं माप दाखवायला सांगा. एकात लाल ऑक्साइड आहे आणि दुसऱ्यात नाही एवढं कळलं तरी निम्मा निर्णय झाला. शेडच्या नावावरून हे काही कळत नाही. एका कंपनीचं आयव्हरी दुसऱ्या कंपनीच्या क्रीमपेक्षा पिवळं असू शकतं.

झाक मारायची आपली एक जुनी रीतही आहे. घर चुन्याने रंगवायचे तेव्हा चुन्यात चिमूटभर नीळ घालायचे. चुन्याचा पांढरा थोडा पिवळट असतो. नीळ तो पिवळा प्रकाश शोषून घेते, म्हणून भिंत जास्त पांढरी वाटते. निळ्याने पिवळा मारला जातो हे आपल्या घरच्या माणसांना हाताने ठाऊक होतं. झाकेचं सगळं गणित याच एका गोष्टीवर उभं आहे: प्रकाशात जो रंग येईल तो झाकेला उचलून धरेल किंवा दाबून टाकेल.

आणखी एक बारकावा. पट्टीची झाक पाहायला ती पांढऱ्या कागदाशेजारी धरावी असं सांगतात. ते बरोबर आहे, पण झेरॉक्सच्या कागदात तो पांढराशुभ्र दिसावा म्हणून उजळवणारी द्रव्यं घातलेली असतात. दिवसाच्या उजेडात ती निळसर चमकतात आणि त्या कागदाशेजारी प्रत्येक क्रीम आहे त्यापेक्षा पिवळं दिसतं. त्यापेक्षा पुठ्ठ्यावर पांढरा प्रायमर मारून तो तुलनेला घ्या. आणि पट्टी एकटी कधीच बघू नका. तीन-चार जवळच्या पट्ट्या एकत्र धरल्या की खोबरं-काजूगरासारखी प्रत्येकीची झाक आपोआप वेगळी होते.

आपल्या घरात येणारा उजेड

इथे मला जास्त बोलायचं आहे, कारण रंगावरचे सल्ले शोधले की बहुतेक थंड देशांतले सापडतात. "उत्तरेच्या खोलीत उजेड थंड आणि निळसर, तिथे उबदार रंग द्या, दक्षिणेच्या खोलीत दिवसभर ऊन, तिथे कुठलाही चालेल." त्यांच्याकडे हे खरं आहे. आपलं कोकण कर्कवृत्ताच्या बऱ्याच खाली आहे. मालवण 16 अंशांवर, अलिबाग साडेअठराच्या थोडं वर. त्यामुळे सूर्य वर्षातून दोनदा आपल्या बरोबर डोक्यावर येतो. मालवणात तो मेच्या पहिल्या आठवड्यात आणि पुन्हा ऑगस्टच्या पहिल्या आठवड्याच्या सुमारास येतो. या दोन तारखांच्या मधल्या काळात दुपारचा सूर्य आपल्या उत्तरेला असतो. म्हणजे उत्तरेच्या खिडकीचा नियम इथे वर्षभर जसाच्या तसा लागू होत नाही, आणि या मधल्या काळातला बराचसा भाग ढगाखालीच जातो.

त्याहून मोठी गोष्ट म्हणजे आपल्या घरांची बांधणी. पावसासाठी पागोळ्या लांब काढलेल्या, पडवी खोल, माजघराला खिडकी कमी. सूर्याचा थेट उजेड भिंतीवर क्वचितच पडतो. आत येतो तो कुठूनतरी उसळून आलेला उजेड, आणि ज्यावरून उसळला त्याचा रंग घेऊन तो येतो.

समोर जांभ्याचं खळं असेल, चिऱ्याचा गडगा असेल, तर दुपारच्या उन्हात तिथून तांबूस उजेड आत येतो. जांभ्याचा लाल हा लोखंडाच्या ऑक्साइडचा रंग आहे, आणि रंगाच्या डब्यातला लालही तोच. त्यामुळे ज्या भिंतीत आधीच गुलाबी झाक आहे तिच्यावर हा उजेड पडला की बदामी म्हणून घेतलेली भिंत पीचसारखी दिसते. अशा ओटीला मी लाल ऑक्साइड नसलेलं, काळ्याच्या थेंबाने थोडं शांत केलेलं क्रीम देईन.

मागे माड, पोफळी, केळी असतील तर उजेड हिरवा येतो, आणि पावसात तो आणखी हिरवा होतो. पिवळ्या झाकेच्या भिंतीवर हिरवा उजेड पडला की आमच्या पडवीचं झालं तेच होतं. इथे उपाय म्हणजे लालसर झाक. किंचित लाल असलेला बदामी रंग हिरव्याला तोलून धरतो आणि डोळ्याला साधा क्रीमच वाटतो. दुसऱ्या वेळी आम्ही पडवीला तोच दिला. आता जुलैतही भिंत सायीसारखी दिसते.

समुद्राकडे पश्चिमेला उघडणाऱ्या खोलीला दिवसात दोन चेहरे असतात. सकाळी ती सावलीत असते, आकाशाचा निळसर उजेड घेते. चारनंतर खाली आलेलं ऊन सरळ आत शिरतं आणि सगळं केशरी करतं. इथे फार पिवळा रंग संध्याकाळी भडक होतो आणि राखी रंग सकाळी थंडगार वाटतो. मधला, कमी झाकेचा रंग घ्यावा आणि संध्याकाळचं सोनं उन्हाला देऊ द्यावं.

राहिलं माजघर. अंधाऱ्या खोलीला पांढराशुभ्र रंग दिला की ती उजळते, असं सगळे सांगतात. पण पांढरी भिंत उजेड परत पाठवते, तयार करत नाही. उजेडच थोडा असला तर शुभ्र पांढरा राखाडी, उदास दिसतो, आणि राखी-मातकट रंग तर सरळ मळलेला वाटतो. पावसात ओल आली की त्यात भरच पडते. अशा खोलीत पिवळ्या झाकेचं क्रीम खरोखर काम करतं. कमी उजेडातही ते जिवंत राहतं.

जवळचे दोन रंग तोलताना एक आकडा उपयोगी पडतो. शेडच्या माहितीत बऱ्याच कंपन्या एलआरव्ही देतात. पडलेल्या प्रकाशापैकी किती परत फिरतो याचं हे माप 0 ते 100 असतं. शुभ्र पांढरे साधारण 85 किंवा वर, क्रीम बहुतेक 70 ते 80 च्या दरम्यान, बिस्किट 60 च्या आसपास. पण दोन रंगांचा आकडा सारखा म्हणजे रंग सारखे असं समजू नका. तो किती उजळ ते सांगतो, झाकेबद्दल काहीच सांगत नाही.

चार भिंतींत रंग गडद का होतो

पट्टीवर फिका वाटलेला रंग खोलीभर लागला की जास्त पिवळा किंवा जास्त गुलाबी दिसतो. यात रंगाऱ्याचा दोष नसतो. उजेड खोलीत एकदाच आपटून डोळ्यात येत नाही. तो या भिंतीवरून त्या भिंतीवर, तिथून छतावर असा फिरत राहतो आणि प्रत्येक वेळी थोडा थोडा रंगत जातो.

उदाहरणासाठी एक क्रीम घेऊ, जे लाल प्रकाश 100 पैकी 80 परत पाठवतं आणि निळा 65. एकदा उसळल्यावर प्रमाण 80 ला 65, म्हणजे नुसती झाक. दोनदा उसळल्यावर लाल 64 उरतो, निळा 42. तिसऱ्यांदा लाल 51, निळा 27. आता निळा लालाच्या जवळजवळ निम्म्यावर आला. भिंतीवरचा थर तोच आहे, पण खोलीत भरलेला उजेड बराच पिवळा झाला.

म्हणून सगळ्या भिंतींना एकच रंग द्यायचा असेल तर मनात असलेल्या पट्टीपेक्षा एक पायरी फिका घ्या. शेड कार्डावर बहुतेक त्याच रांगेत वर असतो. छत पांढरं ठेवलं तर हा परिणाम पुष्कळ कमी होतो, आणि कौलारू घरात माळ्याचं लाकूड वर असेल तर वाढतो, कारण लाकूडही उबदारच उजेड परत देतं.

शेजाऱ्यांचा परिणाम

पहिल्या ताटलीतला भात आता केळीच्या पानावर वाढा. तोच भात हिरव्यावर जास्त तांबूस दिसेल. इथे उजेड बदलला नाही, डोळ्याने तुलना केली.

पॅरिसच्या गोबलाँ कारखान्यात गालिचे विणत. तिथे रंगखात्यावर असलेले रसायनशास्त्रज्ञ मिशेल युजेन शेव्हरल यांच्याकडे तक्रार आली होती की काळं सूत नीट काळं दिसत नाही. त्यांनी सूत तपासलं तर रंग चोख होता. शेजारच्या धाग्यांमुळे तो फिका वाटत होता. यावर त्यांनी 1839 मध्ये सविस्तर लिहिलं: शेजारी ठेवलेले दोन रंग एकमेकांना आपल्यापासून दूर ढकलतात.

घरात हा शेजारी बहुधा जमीन असते. तांबड्या कोब्याच्या जमिनीजवळ क्रीम भिंत थोडी हिरवट वाटेल. शहाबादी फरशीच्या निळसर राखीजवळ तीच जास्त पिवळी वाटेल. हल्ली बहुतेक घरांत क्रीम किंवा आयव्हरी टाइल असते आणि तिथे सर्वांत जास्त चूक होते. गुलाबी झाकेची टाइल आणि पिवळ्या झाकेची भिंत एकत्र आली की दोघींपैकी एक मळलेली वाटते, आणि आपण भिंत पुन्हा पुसत बसतो. टाइल बदलणार नसाल तर तिचा सुटा तुकडा, फोटो नव्हे तर तुकडाच, दुकानात घेऊन जा आणि टाइलची झाक आधी ठरवा. भिंतीला तीच झाक, फक्त दोन पायऱ्या फिकी. सागवानी दारं, देवघराचा चौरंग, शिसवी पलंग यांचाही विचार त्याच वेळी करा.

जुन्या भिंतीवर नमुना लावून बघण्यातला धोकाही हाच आहे. आपल्याकडच्या जुन्या भिंती आकाशी, पिस्ता, गुलाबी असतात. आकाशीवर लावलेला हातभर क्रीमचा पट्टा पिवळाजर्द वाटतो आणि चांगला रंग उगाच बाद होतो.

मग नमुना पाहायचा कसा? दोन-अडीच फुटांचा पुठ्ठा किंवा प्लायचा तुकडा घ्या, प्रायमर मारा, त्यावर रंगाचे दोन हात द्या आणि कडेला दोन बोटं पांढरी पट्टी सोडा. असे दोन तुकडे कोपऱ्यात काटकोनात उभे केले तर भिंती एकमेकींना कशा रंगवतात तेही दिसतं. तुकडा उभाच ठेवा. आडवा ठेवला तर छताचा उजेड पकडतो आणि वेगळाच दिसतो. सकाळी, भर दुपारी, पाच वाजता आणि रात्री दिवा लावून बघा. शक्य असेल तर तोच तुकडा मेमध्ये बघून ठेवा आणि पाऊस लागल्यावर पुन्हा बघा. गणपतीआधी रंग द्यायची आपल्याकडे घाई असते. पण मूर्ती बसते ती भाद्रपदातल्या ढगाळ उजेडात, आणि रंग निवडलेला असतो उन्हाळ्यात.

ओला रंग पाहून मत बनवू नका. इमल्शनमधला चिकटवणारा भाग ओला असताना दुधाळ असतो, वाळला की पारदर्शक होतो, म्हणून रंग वाळल्यावर थोडा गडद होतो. चुन्याचं याच्या उलट. ओला असताना खालची भिंत दिसते, वाळल्यावर पांढरा उठतो. चुन्यावर आणि डिस्टेंपरवर हात बसलेले जुने रंगारी "वाळला की फिका होईल" म्हणतात ते त्या अनुभवातून. इमल्शनला ते लागू नाही. पावसाळी हवेत एक-दोन दिवस थांबूनच बघा.

फिनिशबद्दल थोडक्यात. मॅट रंग फिका आणि मऊ दिसतो, चिऱ्याच्या भिंतीचे उंचसखलपणही झाकतो. थोडी चमक असलेला रंग जास्त खोल दिसतो, पण ओल्या हवेत बुरशी आली तर पुसता येतो. नमुना ज्या फिनिशचा, भिंतही त्याच फिनिशची हवी.

रात्रीचा रंग दिवा ठरवतो

आपल्याकडे बहुतेक घरांत पांढरी ट्यूब किंवा 6500 केल्विनचा (उजेड निळसर की पिवळसर ते सांगणारं माप) एलईडी असतो. त्याच्या निळसर उजेडात बिस्किट राखी होतं, बदामीतला गुलाबी मरतो. 2700 ते 3000 केल्विनचा पिवळसर दिवा लावला की क्रीम लोण्यासारखं होतं, आणि आधीच पिवळं असेल तर हळदीकडे जातं. 4000 केल्विनचा मधला दिवा मला अशा रंगांसाठी सर्वांत भरवशाचा वाटतो. खोक्यावर सीआरआय, म्हणजे त्या दिव्याखाली रंग किती खरे दिसतात याचा आकडा, लिहिलेला असतो. 80 चालतो, 90 असेल तर मातकट रंग जास्त खरे दिसतात, कारण साध्या एलईडीत लाल प्रकाश कमी पडतो. रंग चुकला असं वाटलं तर डबा उघडण्याआधी एक दिवा बदलून बघा. तो खर्च फारच कमी आहे.

दिव्यांमुळेच आणखी एक फसगत होते. एका कंपनीची शेड दुसऱ्या कंपनीच्या मशीनवर जुळवून घेतली, तर दुकानाच्या ट्यूबखाली दोन्ही सारख्या दिसतात आणि घरी खिडकीपाशी वेगळ्या. द्रव्यं वेगळी असली की एका उजेडातला मेळ दुसऱ्या उजेडात टिकत नाही. जुळवून घ्यायचीच वेळ आली तर डबा दुकानाबाहेर, दिवसाच्या उजेडात बघा.

आणि लागेल तेवढा रंग एकदम घ्या. फिक्या शेडमध्ये लिटरमागे रंगद्रव्य इतकं थोडं असतं की थेंबभर कमी-जास्तही भिंतीवर दिसतं. दोन-तीन डबे असतील तर रंगाऱ्याला ते मोठ्या बादलीत एकत्र करून मगच वापरायला सांगा, नाहीतर एका भिंतीच्या मधोमध शिवण दिसते. पिवळे-लाल ऑक्साइड उन्हाने आणि सिमेंटच्या क्षाराने सहसा उडत नाहीत, ही या रंगांची मोठी जमेची बाजू. पण गिलावा नवा असेल तर निदान 28 दिवस तरी तो वाळू द्यावा, आणि जुन्या भिंतीला लोणा फुटत असेल तर आधी ओल कुठून येते ते शोधावं. खाली मीठ फुटत असताना वर कुठलीही शेड सारखी राहत नाही.

आमच्या पडवीच्या रंगाची कंपनी, शेडचा कोड, फिनिश आणि टिंटिंगची तारीख मी डब्याच्या स्टिकरवरून उतरवून मीटरच्या पेटीच्या दारामागे चिकटवून ठेवली आहे. पुढच्या वेळी रंगारीकाका आले की ते आधी तिथेच बघतील.